'आता घरी घेऊन जा' म्हटल्यावर पुढे काय? हॉस्पिस म्हणजे नेमकं काय असतं

"आता घरी घेऊन जा, जे खावंसं वाटेल ते द्या, सेवा करा." हे वाक्य आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून ऐकलंय, नाहीतर घरातल्या कुणीतरी ऐकून आपल्याला फोनवर सांगितलंय. डॉक्टर वाईट असतात असं नाही, बाहेर रांग लागलेली असते आणि त्यांच्याकडे द्यायला पुढची केमो उरलेली नसते. पण ऐकणाऱ्याने काय समजायचं? सेवा करा म्हणजे काय करा? रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर फोन कुणाला लावायचा, जखमेला वास यायला लागला तर काय करायचं, माणूस जेवायचाच थांबला तर?

या सगळ्याला उत्तरं आहेत. ती देणारी वैद्यकशास्त्राची एक अख्खी शाखा आहे, फक्त तिचं नाव त्या कॉरिडॉरमध्ये क्वचितच कुणी घेतं.

जिमी कार्टर आठवतायत ना, अमेरिकेचे माजी अध्यक्ष? फेब्रुवारी २०२३ मध्ये बातमी आली की आता ते हॉस्पिटलच्या फेऱ्या बंद करून घरीच हॉस्पिस केअर घेणार, आणि सगळं जग धरून चाललं की आठवडा, फार तर दोन आठवडे. ते गेले २९ डिसेंबर २०२४ ला. मधल्या काळात शंभरावा वाढदिवस झाला, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पोस्टाने मतदान पण केलं. तेव्हा आपल्याकडेही बऱ्याच जणांनी विचारलं की हे हॉस्पिस प्रकरण आहे तरी काय.

## आधी दोन शब्द, मग पुढे

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा करण्यासाठी नाही तर आजारामुळे होणारा त्रास कमी करण्यासाठी केलेले उपचार. दुखणं, धाप, मळमळ, झोप न येणं, भीती, सगळं यात येतं. ही पहिल्या दिवसापासून केमोच्या, डायलिसिसच्या बरोबरीने चालू शकते, अमुक उपचार थांबवा मगच हे घ्या असं काही नाही. हॉस्पिस म्हणजे याच कामाचा शेवटचा टप्पा, जेव्हा आजार बरा करायचे उपचार थांबवायचं ठरलेलं असतं. हॉस्पिस म्हटलं की इमारत डोळ्यांसमोर येते, पण बऱ्याचदा ती एक टीम असते (डॉक्टर, नर्स, समुपदेशक, सोशल वर्कर) जी तुमच्या घरी येते. अमेरिकेत सरकारी विम्यातून हॉस्पिस मिळायला "आजार असाच चालला तर सहा महिने किंवा कमी" असं डॉक्टरांना लिहून द्यावं लागतं, आणि पेशंट त्यापुढे जगला तर पुन्हा तपासून मुदत वाढते. कार्टर यांचं तेच झालं. आपल्याकडे असा सहा महिन्यांचा कायदा वगैरे नाही.

या सगळ्याची आधुनिक सुरुवात लंडनला झाली. सिसिली सॉंडर्स नावाच्या बाई, आधी नर्स, मग सोशल वर्कर, आणि मरणाऱ्या माणसांच्या दुखण्याकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत हे बघून पुढे स्वतःच डॉक्टर झालेल्या. १९४८ साली एका मरणासन्न पोलिश निर्वासिताने त्यांना ५०० पौंड ठेवले, म्हणाला तुमच्या त्या घरात माझी एक खिडकी असू दे. ते घर, म्हणजे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, उभं राहिलं १९६७ मध्ये. एका खिडकीच्या पैशावर अख्खी इमारत उभी करायला एकोणीस वर्षं लागली, पण बाई चिवट होत्या.

## दुखणं फक्त शरीराचं नसतं

सॉंडर्स यांचं म्हणणं असं की पेशंट "दुखतंय" म्हणतो तेव्हा त्यात चार गोष्टी एकत्र असतात. शरीराची वेदना, मनाची भीती, घरच्यांची आणि पैशाची काळजी, आणि "माझ्याच वाट्याला का" हा प्रश्न. गोळीने पहिलीवर काम होतं. बाकीच्या तीन तशाच राहिल्या तर गोळी कितीही वाढवा, माणूस रात्रभर कण्हतच राहतो. म्हणून या टीममध्ये सोशल वर्कर असतो, तो शोभेला नाही. भावाशी जमिनीच्या वाटणीवरून पंधरा वर्षं अबोला आहे आणि आता तो एकदा येऊन बसावा असं वाटतंय, मुलीचं लग्न राहिलंय, बँकेच्या खात्याला नॉमिनीच लावलेला नाही, हप्ते थकलेत, या गोष्टी पेशंट डॉक्टरांना राऊंडच्या दोन मिनिटांत सांगत नाही, पण खुर्ची ओढून शेजारी बसलेल्या माणसाला हळूहळू सांगतो. आणि भाऊ येऊन गेल्यावर कालच्याच डोसवर आज झोप लागते, हे या क्षेत्रातले लोक वर्षानुवर्षं बघत आलेत.

## मॉर्फिन म्हणजे नशा नाही का?

मॉर्फिन म्हणजे अफूपासून बनणारं, तीव्र दुखण्यावरचं औषध, आणि सगळ्यात जास्त भीती याच शब्दाची. "मॉर्फिन चालू केलं म्हणजे संपलंच" किंवा "बाबांना व्यसन लागेल." ऐंशी वर्षांच्या, हाडांत कॅन्सर पसरलेल्या माणसाला व्यसन लागेल ही काळजी आपण करतो आणि त्यापायी त्याला रात्रभर तळमळू देतो, मला तर हे कोडं कधी सुटलं नाही.

कामाची माहिती अशी. मॉर्फिनची साधी गोळी तोंडाने घेता येते, स्वस्त असते, आणि तिचा परिणाम साधारण चार तास टिकतो म्हणून ती चार-चार तासांनी ठरलेल्या वेळी द्यायची असते. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. कौलं आपण पावसाच्या आधी परततो, पाणी गळायला लागल्यावर शिडी शोधत नाही, तसंच हे. मधेच कळ आली तर जादा डोस कसा द्यायचा ते लिहून दिलेलं असतं. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ होऊ शकते, ती बहुतेकांची जाते. (गुंगीतली बरीचशी तर साठलेली झोप असते, माणूस कित्येक रात्री झोपलेलाच नसतो.) बद्धकोष्ठता मात्र जात नाही, ती राहतेच, म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून चालू हवं. दिलं नसेल तर विचारा, हा छोटा मुद्दा नाही, पोट गच्च झाल्यामुळे पेशंट चांगली चाललेली गोळी बंद करतो.

आणि व्यसन? दुखण्यासाठी योग्य मापाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणं फार क्वचित घडतं. डोस वाढतो तो बहुतेक वेळा आजार वाढल्यामुळे. शरीराला सवय होते हे खरं, म्हणून एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची, तेवढंच.

मग सहज मिळत का नाही? इथे आपल्या देशाची गंमत आहे, गंमत म्हणायची तर. औषधासाठी अफू कायदेशीर पिकवणारे जगात मोजके देश, त्यात भारत. नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने शेती होते. पण १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा आला आणि एका औषधासाठी इतके परवाने लागायला लागले की दुकानदारांनी आणि हॉस्पिटलांनी नादच सोडला. १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरून वर्षाला १८ किलोच्या आसपास आला. अख्ख्या देशाला १८ किलो! बऱ्याच झगड्यानंतर २०१४ मध्ये कायदा बदलला, आता मान्यताप्राप्त संस्थेला एकाच खात्याची परवानगी पुरते. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेल अशी आशा करू नका. मान्यता असलेल्या केंद्रातूनच घ्यावं लागतं, म्हणूनही अशा केंद्रात नाव नोंदवलेलं असणं महत्त्वाचं.

## म्हणजे उपचार सोडून द्यायचे, लवकर मरायचं?

२०१० साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये एक अभ्यास झाला, फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ पेशंटचा. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना नेहमीचे उपचार अधिक पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातले लोक कमी उदास होते, शेवटी-शेवटी आक्रमक उपचार त्यांच्यातल्या कमी जणांनी घेतले, आणि तरीसुद्धा जगले जास्त, ११.६ महिने, पहिला गट ८.९ महिने. प्रत्येक आजारात आयुष्य वाढतंच असं यावरून कुणी म्हणू नये, पण "त्रास कमी करायला गेलो की माणूस लवकर जातो" ही समजूत सोडायला एवढं पुरे.

हॉस्पिसमध्ये काहीच करत नाहीत ही तर अफवाच. पोटात पाणी साठलं तर काढतात. धाप लागली तर चेहऱ्यावर टेबलफॅनचा झोत सोडतात (साधा उपाय, पण फरक पडतो) आणि मॉर्फिनचा अगदी छोटा डोस देतात. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरमध्ये फुटलेल्या जखमेला इतका वास येतो की नातवंडं खोलीत यायची थांबतात, तिथे मेट्रोनिडॅझॉल नावाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांची पूड करून ड्रेसिंगमध्ये घालतात आणि वास उतरतो. कुठलं मशीन नाही, काही नाही, पण नातवंड परत जवळ येऊन बसतं.

## जेवत नाहीत, सलाईन तरी लावा

हा प्रसंग प्रत्येक घरात येतो आणि आपल्याकडे तो फारच जड जातो, कारण आपल्याकडे माया म्हणजे आग्रह. जेवायला घातलं नाही म्हणजे उपाशी मारलं असं वाटतं, शेजारीपाजारी बोलून पण दाखवतात.

पण शेवटच्या दिवसांत भूक जाते ती शरीर बंद होत चाललेलं असतं म्हणून. न जेवल्यामुळे माणूस चाललाय असं नसतं, तो चाललाय म्हणून जेवत नाही. तेव्हा जबरदस्तीने भरवलं की घास श्वासनलिकेत जातो, ठसका, मग न्युमोनिया. शरीर वापरत नसलेलं सलाईन हातापायांत सुजेच्या रूपाने साठतं आणि छातीत घरघर वाढवतं. याचा अर्थ सलाईन कधीच नको असा नाही, उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेल्या पेशंटला ते लागू शकतं, म्हणून ठरवायचं टीमने. पण शेवटच्या दोन-चार दिवसांत ते बहुतेकदा आपल्या समाधानासाठी असतं.

त्याऐवजी करायचं काय, तर तोंड ओलं ठेवायचं. ओल्या कापसाने जीभ आणि हिरड्या पुसायच्या, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन, शुद्धीवर असतील आणि मागितलं तर चमचाभर ताक, आमटीचं पाणी, कॉफी, काय आवडतं ते. आपल्याकडे शेवटी तुळशीपत्रावरून गंगाजलाचे दोन थेंब घालतात, ते घालायला कुठल्याच हॉस्पिसमध्ये नाही म्हणत नाहीत.

याच वेळी नर्स घरच्यांना अजून एक फार मोठी मदत करते, ती म्हणजे पुढे काय दिसणार ते आधीच सांगून ठेवते. झोप वाढेल. हातपाय गार पडतील, पायांवर निळसर चट्टे येतील. श्वास मधेच थांबेल, मग जोरात चालू होईल. घशात घरघर होईल, ती ऐकायला भयंकर वाटते पण सहसा पेशंटला तिचा त्रास होत नसतो, कुशीवर वळवा, लागलं तर औषध आहे. हे आधी माहीत नसेल तर त्या घरघरीने घर हादरतं, अ‍ॅम्ब्युलन्स येते, आणि घरीच राहायचं म्हणालेला माणूस आयसीयूत नळ्यांच्या मधोमध जातो, घरचे काचेच्या बाहेर.

## "त्यांना सांगू नका हं"

दुसरी आपल्याकडची खास गोष्ट. रिपोर्ट हातात आला की मुलगा डॉक्टरांना खुणेने बाजूला घेतो, आईला सांगू नका म्हणतो. हेतू चांगलाच असतो. पण आईला कळतच असतं, वजन उतरलंय, लोक अचानक भेटायला यायला लागलेत, मुंबईची बहीण रडून गेलीये. मग आईपण नाटक करते, मुलाला वाईट वाटू नये म्हणून. दोघं एकाच घरात एकेकटे.

हॉस्पिसची माणसं यात धाडकन काही सांगून टाकत नाहीत. आधी पेशंटलाच विचारतात, तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतं, किती जाणून घ्यायला आवडेल. काही जण स्पष्ट म्हणतात, मला नको, मुलाशी बोला. ते पण मान्य. काही जण म्हणतात, मला माहितीये, पण पोरं रडतील म्हणून बोलत नाही. मग टीम दोघांना एकत्र बसवते.

आणि अमेरिकेहून किंवा बंगलोरहून शेवटच्या आठवड्यात येणारा तो एक मुलगा किंवा मुलगी असते, जी उतरल्या-उतरल्या म्हणते, हे काय चाललंय, सगळं करा, मी पैसे देतो. रागावू नका त्यांच्यावर, त्यांना मधले सहा महिने दिसलेले नसतात आणि अपराधी वाटत असतं. त्यांना आधीपासून व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी बोलायला लावा, विमानतळावरून आल्यावर नाही.

## घरच्यांसाठी काय?

माझ्या मते हॉस्पिसचं अर्धं काम इथे असतं आणि नेमकं हेच कुणाला माहीत नसतं. "सेवा करा" म्हणतात ती प्रत्यक्षात करते कोण? बहुतेक घरांत बायको, सून नाहीतर लग्न न झालेली मुलगी. तिला कुणी शिकवलेलं नसतं. अंथरुणावरच्या माणसाची चादर त्याला न उचलता कशी बदलायची, दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर बेडसोर (पडून राहून पाठीला होणारी जखम) कसा होतो, नाकातल्या नळीतून भरवताना डोकं किती वर हवं, पोटावरची शौचाची पिशवी कशी बदलायची, लघवीची नळी कशी स्वच्छ ठेवायची. आणि हे शिकवलं तर कुणालाही जमतं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून, तिथे पेशंटबरोबर घरातलं माणूस राहतं आणि हे सगळं शिकूनच घरी जातं. हो, घरी जातं. तिथे गेलेला परत येत नाही हा मोठा गैरसमज आहे, बरेच पेशंट त्रास आटोक्यात आला की घरी परततात.

दुसरं म्हणजे विश्रांती. सांभाळणारी बाई स्वतः आजारी पडायला आलेली असते, चार महिने सलग झोप नाही, तेव्हा पेशंटला काही दिवस केंद्रात ठेवून तिला मोकळं करायची सोय काही ठिकाणी असते. ती वापरायची लाज वाटायचं काहीच कारण नाही, पण वाटते, कारण नातेवाईक म्हणतात "टाकून आली." त्या नातेवाइकांना एक रात्रपाळी देऊन बघा.

तिसरं, माणूस गेल्यानंतरचं. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, चौदाव्या दिवशी रिकामं होतं. चांगल्या टीम त्यानंतर फोन करतात, भेटायला येतात, विशेषतः घरात लहान मुलं असतील किंवा एकटी राहिलेली बाई असेल तर. "मी अजून एखादी केमो करायला हवी होती का" हा प्रश्न तेव्हा सुरू होतो, आणि त्याला उत्तर देऊ शकतील अशी माणसं म्हणजे पेशंटला शेवटपर्यंत बघितलेली तीच.

## हे इच्छामरण आहे का?

नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात गुन्हाच आहे आणि हॉस्पिसचा त्याच्याशी काही संबंध नाही.

गोंधळ होतो तो कोर्टाच्या बातम्यांमुळे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं अचेत पडून असलेल्या तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ साली सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा मान्य केलं की ठरावीक परिस्थितीत, परवानगीने, जीव नुसता लांबवणारे उपचार थांबवता येतील (त्यांच्या बाबतीत मात्र परवानगी दिली नाही, त्यांना सांभाळणाऱ्या नर्सनाच ते नको होतं). ९ मार्च २०१८ च्या निकालाने लिव्हिंग विल मान्य केलं, म्हणजे "मी बोलायच्या स्थितीत नसलो आणि बरं व्हायची आशा नसली तर मला व्हेंटिलेटर वगैरे नको" असं आधीच लिहून ठेवायचं. त्यातली पद्धत इतकी किचकट होती की जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाला ती सोपी करावी लागली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. गोव्यात २०२४ मध्ये पहिलं लिव्हिंग विल नोंदवलं ते हायकोर्टाच्याच एका न्यायमूर्तींनी. हे कागद करून ठेवणं शहाणपणाचं, पण हॉस्पिस घ्यायला ते लागत नाहीत.

## आपल्याकडे आहे कुठे, आणि खर्च?

देशातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईतच, वांद्र्याला माउंट मेरीजवळ, शांती अवेदना सदन, १९८६. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी, मोफत. त्यांच्याच शाखा गोव्यात आणि दिल्लीत आहेत. वारज्याचं सिप्ला सेंटरही मोफत. टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे.

पण खरं सांगायचं तर मुंबई-पुणे सोडलं की चित्र विरळ होत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि मिळते साधारण १४ टक्क्यांना. केरळने वेगळा रस्ता धरला. तिथे गावातल्याच लोकांनी, रिक्षावाले, शिक्षक, गृहिणी, थोडं प्रशिक्षण घेऊन आठवड्याचे काही तास द्यायला सुरुवात केली, २००८ मध्ये सरकारने धोरण आणलं, आणि आज तिथे पंचायतीची नर्स घरोघरी जाते. आपल्याकडे गणपतीच्या मंडळाला जेवढी पोरं उभी राहतात त्यातली दहा टक्के जरी याला मिळाली तरी जिल्ह्याचं काम होईल, पण तो वेगळा विषय.

हेही लक्षात ठेवा की बरीच केंद्रं कॅन्सरपुरतीच आहेत. हृदय निकामी होणं, फुफ्फुसांचा जुना आजार, डिमेन्शिया, पार्किन्सन्स यांनाही पॅलिएटिव्ह केअर लागते, पण तिथे आधी फोन करून विचारूनच जा.

## विचारायचं कधी आणि काय

शेवटच्या तीन दिवसांत हॉस्पिसला फोन करणारे फार, आणि तेव्हा टीमला औषधाचं माप बसवायलाही वेळ मिळत नाही. आजार बरा होणारा नाही हे कळलं की त्याच भेटीत विचारा: "त्रास कमी करणारी टीम इथे आहे का, नसेल तर जवळची कुठली?" डॉक्टरांना राग येत नाही, उलट बऱ्याचदा त्यांनाही हायसं वाटतं.

माणसाला घरीच ठेवायचं ठरलं असेल तर एक व्यवहाराची गोष्ट आधी बघून ठेवा. घरी मृत्यू झाला की मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट डॉक्टरांना द्यावं लागतं, घरच्या मृत्यूसाठी तो फॉर्म ४-अ असतो, आणि पेशंटला कधीच न पाहिलेला डॉक्टर त्यावर सही करायला कचरतो. म्हणून फॅमिली डॉक्टरांना किंवा होम केअरच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, रात्री-अपरात्री याल का, सही द्याल का. फाईल, आधार कार्ड, शेवटचं डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत दाराजवळ. आणि उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कपाटात ठेवू नका, कुणाला देऊही नका, मोजून जिथून आणल्या त्या केंद्रात परत करा. एअर बेड आणि व्हीलचेअरही तिथे घेतील का ते विचारा, पुढचं कुणीतरी वाट बघत असतं.